दोघींची हिरवी

ब्रुनेन गावाच्या पूर्वेला खडीचा रस्ता क्षितिजापर्यंत सरळ जातो. मधे फक्त एक चढ आहे, तोही नावापुरता. शनिवारी सकाळी त्या चढावर धूळ उठली की धान्याच्या कोठारापाशी वजनकाट्यावर उभी असलेली माणसं गाडी दिसायच्या आधीच सांगायची, हागांच्या बायका आल्या म्हणून. बाकीच्या गाड्यांची धूळ एका दमात येई. हागांची धूळ चढावर मधेच थबके, एक आचका देई आणि मग पुढे सरके. तिथं गिअर बदलावा लागे, आणि हागांच्या गाडीचा गिअर बदलायला दोन बायका लागत.

गाडी जवळ आली की पुढच्या काचेतून दोन डोकी दिसत, अगदी एकमेकींना खेटलेली. उजव्या खिडकीजवळची जागा रिकामी. आमच्या भागात पिकअपमध्ये असं फक्त नुकतं जमलेलं जोडपं बसतं. या दोघींतली एक पन्नाशी ओलांडलेली, दुसरी साठी ओलांडलेली, आणि दोघींच्या डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल. स्टिअरिंगवर असे ती लेना. तिला चिकटून, गिअरचा लांब दांडा दोन गुडघ्यांच्या मधे घेऊन बसलेली असे ती तिची नणंद ओटिलिया.

गाडीचं नाव हिरवी. कधीकाळी ती हिरवी होती एवढंच. पुढे रंग थोडा उन्हानं खाल्ला, थोडा बर्फानं, आणि उरलेला कोंबड्यांनी टोचून काढला असं गावात म्हणत. उजवं दार दुसऱ्याच कुठल्याशा गाडीचं, तपकिरी. मागचा फळा मोडक्या गोठ्याच्या लाकडाचा. काच खाली करायची मूठ कधीच गळून गेली होती, तिथं एक पक्कड कायमची लटकत असे. हीटर एक तर बंद, नाही तर डाव्या पायावर भट्टी. शिवाय डावीकडे वळताना हॉर्न आपणहून वाजे. रविवारी या दोघींना जरा उशीर झाला तर फादरना वेदीकडे तोंड असतानाही कळे की कोण आलं, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली तरी ते न ऐकल्यासारखं करत.

पण सांगायचं आहे ते लेनाचं. हिरवीचं त्यातच येईल, कारण लेना लग्न होऊन ब्रुनेनला आली ती याच गाडीतून.

एकोणीसशे सत्तावन्न सालचा ऑक्टोबर. गाडी तेव्हा कोरी करकरीत. वेंडेलिन हागनं आयुष्यात नवी म्हणून घेतलेली ती एकच मोठी वस्तू. नांगरापासून पलंगापर्यंत बाकी सगळं त्याच्या बापाचं. चर्चमधून निघताना त्यानं नवरीसाठी दार उघडून धरलं. लेना झगा सावरून चढणार, इतक्यात मागून त्याची थोरली बहीण ओटिलिया आली. तिच्या हातात कूखनचे, म्हणजे उरलेल्या गोड केकचे, डबे एकावर एक रचलेले.

"तू मधे बस," ती लेनाला म्हणाली. "मला खिडकी लागते. नाही तर मळमळतं."

तेव्हा पांढऱ्या झग्यातली नवरी गिअरच्या दांड्याला दोन्हीकडून पाय टाकून बसली. वेंडेलिन दर वेळी गिअर बदलताना तिच्या गुडघ्याला हात लागतो म्हणून कानापर्यंत लाल होई आणि "माफ कर हं" म्हणे. खिडकीजवळून नणंद म्हणे, पाय जरा तिकडे घे, त्याला जागा दे. घर येईपर्यंत लेनानं मनाशी पक्कं केलं होतं की नवरा साधा आहे, पण ही बाई आपल्याला जड जाणार.

जड गेलीच. घर जितकं वेंडेलिनचं तितकंच ओटिलियाचं होतं. लहानपणी आलेल्या एका तापानं तिचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता. ती तो पाय बाजूनं फिरवून टाकत चाले. तिचं लग्न झालं नव्हतं. कुणी विचारलंच नाही की तिनं नाही म्हटलं, यावर गावात दोन मतं होती आणि तिच्यासमोर एकही नव्हतं. बापाच्या वेळचा ट्रॅक्टर मात्र तिच्या हाताखालचा. त्याचा क्लच पायाचा नव्हता, हातानं ओढायचा होता, त्यामुळे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून शेत तीच नांगरत आली होती. इंजिनाचा आवाज तिला माणसाच्या आवाजासारखा कळे.

स्वयंपाकघरात दोघींचं कधी जमलं नाही. सुपातले पिठाचे गोळे पेराएवढे करायचे की अर्ध्या पेराएवढे, पिंपात आंबवायच्या कलिंगडांत शेपू किती घालायचा, यावरून त्यांची जी जुंपे ती जेवण होईतो चाले. भांड्यांचा आवाज वाढला की वेंडेलिन खिशात सूर्यफुलाच्या बिया भरून अंगणात जाई आणि हिरवीत जाऊन बसे. कधी रेडिओवर हवामान ऐके, कधी नुसता बिया फोडत आणि टरफलं खिडकीबाहेर थुंकत बसून राही. घर शांत झालं की आत येई. मुलगा डेल्मर लहान असताना त्याला वाटे, सगळ्यांच्याच बापांना रोज थोडा वेळ गाडीत बसावं लागतं.

लेनाला गाडी चालवायची कधी वेळच आली नाही. वेंडेलिन होता. नंतर एका हिवाळ्यात दुधाच्या बादल्या घेऊन उतरताना ती पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. कणीक मळता येई, गाय पिळता येई. हात समोर रेटून काही ढकलायचं म्हटलं की त्यातली ताकद निघून जाई.

एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये वेंडेलिन गवत कापायला गेला. दुपारी ओटिलिया त्याच्यासाठी कॉफी घेऊन गेली तेव्हा तो कुंपणाच्या खांबाला टेकून बसलेला होता, टोपी मांडीवर. तिला वाटलं डोळा लागला आहे. ती त्याच्याशेजारी बराच वेळ बसली, आणि मग लेनाला सांगायला घरी आली ती ताठ पाय ओढत चालत आली, कारण हिरवी शेतात उभी होती आणि ती तिला चालवता येत नव्हती. हे तिनं पुढे कित्येक वर्षं मनात ठेवलं होतं. चालवता आली असती तरी काही वाचलं नसतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. तरीही.

दफन झालं, लोखंडी क्रूस उभा राहिला, पाहुणे गेले. डेल्मर तेव्हा बिस्मार्क शहरात वीज कंपनीत नोकरीला होता. त्यानं जेवणाच्या टेबलावर सगळं नीट मांडलं. पोरगा मनानं चांगला, पण घाईचा. शेत शेजाऱ्याला कसायला द्यायचं. आई, आत्या, तुम्हाला घरातच राहायचं तर राहा, पण हिवाळ्यात गावात खोली घ्या. कोंबड्या कमी करा. आणि ती गाडी भंगारवाल्याला देऊन टाकू, तो येऊन ओढून नेईल.

दोघी बायका दफनापासून एकमेकींशी धड एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता दोघींनी एकदम मान वर केली.

"गाडीला हात लावायचा नाही," ओटिलिया म्हणाली.

"नाहीच लावायचा," लेना म्हणाली.

डेल्मरनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याच्या आठवणीत या घरात दोघींचं एका गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानं हळूच विचारलं, की तुमच्यापैकी एकीला तरी ती चालवता येते का. लेना उठली आणि कॉफी आणायला गेली.

कापणी झाल्यावर मोकळ्या रानात शिकवणी सुरू झाली. लेनाचे पाय चांगले होते, म्हणून ती स्टिअरिंगवर. ओटिलियाला सगळं कळत होतं, म्हणून ती खिडकीजवळ, आपल्या नेहमीच्या जागी, सूचना द्यायला. पहिला गिअर लेनानं डाव्या हातानं ओढून कसाबसा टाकला. दुसऱ्यासाठी दांडा पुढे रेटायचा होता, तो उजव्या हातानं जाईना. गिअर असा काही किंचाळला की लांबवर चरणाऱ्या गाईंनी माना वळवल्या. ओटिलियानं डोळे मिटून घेतले. तीन-चारदा तसं झाल्यावर तिच्यानं राहवेना. "अगं, रडवू नकोस तिला," म्हणत ती बाजूला झुकली आणि दांडा स्वतःच रेटला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

पुढच्या वेळी ती खिडकीजवळून उठून मधे सरकली.

"आणि तुझी मळमळ?" लेनानं विचारलं.

"समोर बघितलं की होत नाही."

"इतकी वर्षं कळलं नव्हतं वाटतं हे."

"इतकी वर्षं तुझी टोपी आड येत होती," ओटिलिया म्हणाली. "दाब आता."

लेनानं क्लच दाबला. ओटिलियानं दांडा ओढला. "सोड." लेनानं सोडला. हिरवी रानातून धावू लागली आणि दोघी बायका, वय विसरून, कुंपण येईपर्यंत पुढे बघत राहिल्या. कुंपणापाशी लक्षात आलं की थांबायचं कसं ते अजून झालेलं नाही. मागचा फळा गोठ्याच्या लाकडाचा का झाला त्याची गोष्ट ही एवढीच आहे. लेनानं घाईघाईनं गाडी मागे घेतली ती थेट मागच्या गोठ्यावर; फळाही मोडला आणि गोठाही.

लायसन्सच्या परीक्षेला दोघी गेल्या. परीक्षक जिल्ह्याच्या गावाहून महिन्यातून एकदा येणारा, उंच, कंटाळलेला माणूस. त्यानं विचारलं की परीक्षा कुणाची. लेना म्हणाली, माझी. मग या कोण. या माझ्या नणंद, लेना म्हणाली, यांना एकटं घरी ठेवता येत नाही. ओटिलियानं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जळून गेली असती, आणि दांड्याजवळ मधे जाऊन बसली. परीक्षक खिडकीजवळ बसला. हिरवी गावाला वळसा घालून आली. डावीकडे वळताना हॉर्न वाजला, चढावर आचका बसला. परत आल्यावर त्यानं थोडा वेळ गुडघ्यावर बोटं वाजवली.

"लायसन्सवर एकच नाव मावतं," तो म्हणाला.

"मग माझंच घाला," लेना म्हणाली.

त्यानं घातलं. खाली उतरून तो हिरवीच्या तपकिरी दाराकडे वळून एकदा बघून हसला आणि गेला.

तिथून पुढची वर्षं त्यांची चांगली गेली. आज गावात म्हातारी झालेली माणसं त्या दोघींची आठवण काढतात ती याच वर्षांची. अंडी गावात, साय डेअरीत, सणाच्या आधी मागच्या भागात पेंढ्यात बसवलेली बदकं. चर्चच्या जेवणावळीला आंबवलेल्या कलिंगडांची पिंपं हिरवीतूनच येत आणि वळणावर त्यांचं पाणी सांडून रस्ताभर शेपूचा वास राही. तोंडानं "दाब" आणि "सोड" म्हणायची गरज हळूहळू संपली. ओटिलिया इंजिन ऐके आणि आपल्या ताठ गुडघ्यानं लेनाच्या गुडघ्याला ढोसे. घरात सकाळी गोळ्यांच्या आकारावरून कडाक्याचं वाजलं तरी दहा वाजता दोघी हिरवीत खांद्याला खांदा लावून बसलेल्या. रुसून बसलं तर अंडी गावात कोण पोचवणार.

मग एका एप्रिलमध्ये, बर्फ वितळून रस्त्यांचा लगदा झाला असताना, एगिडी वोल्फ चिखलात अडकला.

एगिडी धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक. विधुर, सज्जन, नीटनेटका, मिशीला रोज कात्री लावणारा. त्याची पिकअप नवीन, चांदीच्या रंगाची, आत आरामखुर्चीसारख्या गाद्या, आणि गिअर आपोआप बदलणारा. ती पुढच्या चाकांपर्यंत रुतून बसली होती. हिरवी आली, दोरखंड बांधला, लेनानं आणि ओटिलियानं तिला सगळ्यात खालच्या गिअरला टाकलं, आणि ती म्हातारी धूर ओकत, थरथरत, एगिडीच्या चांदीला चिखलातून काढून कोरड्या रस्त्यावर घेऊन आली. एगिडीनं टोपी काढून आभार मानले. पुढच्या रविवारी तो घरी बनवलेलं सॉसेज घेऊन आभार मानायला आला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला, तेव्हा आभार मानून झाले होते.

लेना तेव्हा बावन्न-त्रेपन्नची. आरशापुढे जरा जास्त वेळ लागतो आहे हे तिच्या स्वतःच्याच उशिरा लक्षात आलं. ओटिलियाच्या ते आधीच आलं होतं. एका सोमवारी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, की वेंडेलिनच्या क्रूसावर गंज चढायच्या आतच दुसऱ्याचं सॉसेज गोड लागायला लागलं. वेंडेलिन जाऊन सहा वर्षं झाली होती. लेनाच्या हातातली चादर खाली पडली. तिनं ती उचलली, झटकली, आणि अगदी शांतपणे म्हणाली:

"तुला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून मलाही कुणी विचारू नये असं आहे का?"

त्यानंतर घरात अबोला. दोघी वेगवेगळ्या वेळी जेवायच्या. शनिवारी मात्र हिरवीत बसाव्या लागतच. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा, आणि तोंडं दोन दिशांना. ओटिलिया ढोसे, लेना दाबे. वजनकाट्यावरच्या माणसांना काही कळलं नाही, कारण धूळ होती तशीच आली.

उन्हाळा सरताना एगिडी लेनाला बिस्मार्कला जेवायला घेऊन गेला. गाडीत बसल्यावर तिला दोन हातांचं काय करावं ते समजेना. आवाज नाही, वारा नाही, पायाखालच्या भोकातून पळणारा रस्ता दिसत नाही. आणि आवडलं तिला, खोटं कशाला सांगा. नदीकाठच्या हॉटेलात टेबलावर पांढरं कापड होतं. एगिडीनं आढेवेढे न घेता विचारलं. नाताळच्या आधी लग्न करू, गावात माझं घर आहे, गॅस आहे, पायऱ्या कमी आहेत.

"आणि ओटिलिया?" लेनानं विचारलं.

"त्यांची सोय होईल. मठातल्या सिस्टर चालवतात तो वृद्धाश्रम चांगला आहे, माझी बहीण तिथंच आहे. खोलीला खिडकी आहे, प्रार्थनेला जिना उतरावा लागत नाही." तो मनापासून बोलत होता. "आणि तुम्ही दोघी ती गाडी आणखी किती दिवस ओढणार, लेना? एखाद्या दिवशी ती तुम्हाला रस्त्यात सोडेल."

लेनानं सांगितलं की विचार करून कळवते. तो म्हणाला, सावकाश करा.

घरी येऊन तिनं काही सांगितलं नाही आणि ओटिलियानं काही विचारलं नाही. पण बिस्मार्कला जेवायला नेऊन माणूस काय विचारतो हे कळायला काही लागत नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी लेना स्वयंपाकघरात पीठ मळत होती. बाहेर हिरवी सुरू झाल्याचा आवाज आला. ती खिडकीपाशी गेली. कापलेल्या रानात हिरवी एकटीच चालली होती, आणि स्टिअरिंगवर ओटिलिया होती. गाडी बेडकासारखी उड्या मारत दहा हात जाई आणि बंद पडे. पुन्हा सुरू होई, पुन्हा उडी, पुन्हा बंद. लेनाला आधी कळेना की ताठ पायानं ही क्लच दाबते कशी. मग दिसलं. ओटिलियानं फावड्याचा दांडा कापून आणला होता. एका हातानं दांडा क्लचवर रोवायचा, सगळं अंग त्यावर टाकायचं, दुसऱ्या हातानं गिअर ओढायचा, आणि स्टिअरिंग तेवढा वेळ देवाच्या हवाली. डोक्यावरचा रुमाल सुटून मानेवर आला होता. पांढरे केस वाऱ्यावर. गाडी बंद पडली की ती कपाळ स्टिअरिंगला टेकवी, क्षणभर तशीच बसे, आणि पुन्हा दांडा उचली.

लेना पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. ही बाई रागानं करते आहे असं तिला आधी वाटलं. मग तसं वाटेना. रागावलेली ओटिलिया तिला चांगली ओळखीची होती, ती अशी दिसत नसे.

ती रानात गेली. हिरवी नुकतीच बंद पडली होती, इंजिनातून तापल्याचे टकटक आवाज येत होते. ओटिलियानं तिला येताना पाहिलं पण मान वळवली नाही.

"हे काय चाललंय?" लेनानं विचारलं.

"दिसत नाही का?"

"पडशील एखाद्या खड्ड्यात."

"पडेन. तू जा त्याच्याकडं," ओटिलिया म्हणाली. समोरच्या काचेकडे बघत, जणू काचेशीच बोलते आहे. "माणूस चांगला आहे. मी बोलले ते बोलायला नको होतं. माझी काळजी करू नकोस, त्याची बहीण आहे त्या आश्रमात मी जाणार नाही, इथंच राहीन. पहिला गिअर जमला आहे. पहिल्यातच जाईन गावापर्यंत. मला कुठं घाई आहे."

लेना गाडीला वळसा घालून उजवीकडे आली. तिनं तपकिरी दार उघडलं आणि खिडकीजवळच्या जागेवर बसली. वारा सुटला होता, कापलेल्या गव्हाच्या खुंटांतून शीळ घालत जात होता. मग तिनं विचारलं, की दांडा कुठल्या फावड्याचा कापलास. चांगल्या, ओटिलिया म्हणाली. मोडका लहान पडत होता.

लेना हसली. हसू आवरेना. ओटिलियानं आधी तोंड वाकडं केलं आणि मग तीही हसली, तोंडावर हात ठेवून, कारण तिचे वरचे दात ती सकाळी घरीच विसरून आली होती.

पुढच्या शनिवारी लेना कोठाराच्या कचेरीत एकटी गेली आणि एगिडीला नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही. तो तसा मोठ्या मनाचा. वर्षभरात त्यानं शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विधवेशी लग्न केलं आणि सुखात राहिला. रस्त्यात हिरवी दिसली की टोपीला हात लावी. कारण गावानं आपापलं ठरवलं. कुणी म्हणालं, वेंडेलिनवर जीव होता. कुणी म्हणालं, नणंदेनं जाऊ दिलं नाही. लेनाला स्वतःला विचारलं असतं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं. माया होती की सवय, की नुसता चांगल्या फावड्याचा दांडा, हे तिनं वेगळं काढून पाहिलं नाही. काही संध्याकाळी, पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागले की तिला ते पांढरं टेबलक्लॉथ आठवे. ती ते कबूलही करी, ओटिलियासमोरच. ओटिलिया म्हणे, अजून विचार, तो काही मेलेला नाही.

अशी आणखी पंधरा-सोळा वर्षं गेली. हिरवीला इंजिन एकदा उघडून पुन्हा बसवावं लागलं, पुढचा एक दिवा तारेनं बांधावा लागला. डेल्मरनं दोनदा दुसरी गाडी आणून दारात उभी केली आणि दोनदा परत नेली. तरुण पोरं हिरवीला पाहून हसत आणि मग त्यांच्याच गाड्या जानेवारीच्या थंडीत सुरू होईनात तेव्हा बॅटरी जोडायची केबल घेऊन हागांच्या अंगणात येत.

शेवटच्या ऑगस्टमध्ये दोघी ओढ्याकाठी रानचेरी तोडायला गेल्या. मुरंब्याला त्या लागत, आणि ओटिलियाला विकतच्या चालत नसत. ती आता ऐंशीला टेकली होती. हात इतके बारीक झाले होते की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरके. ओढ्याच्या उतारावर गिअर बदलायची वेळ आली, तिनं ढोसलं, लेनानं दाबलं, पण दांडा हलेना. ओटिलियानं पुन्हा रेटला. मग लेनानं आपला वाकडा हात तिच्या हातावर ठेवला, आणि दोन्ही मिळून एका चांगल्या हाताएवढी ताकद झाली. गिअर पडला.

चेरींनी बादली अर्धी भरल्यावर ओटिलिया मागच्या फळ्यावर बसली. बोटं जांभळी, ओठ जांभळे.

"मला एकानं विचारलं होतं," ती अचानक म्हणाली.

लेनाला क्षणभर समजेना, आणि मग कपडे वाळत घातलेली ती सकाळ तिला आठवली. तिनं काही म्हणायच्या आत ओटिलियानं हात हलवला.

"गिरणीवाल्याचा फ्रिडोलिन. देखणा होता. मीच नाही म्हटलं."

"का गं?"

"त्याला घोडे हाकता येत नव्हते. लगाम ओढून ओढून त्यांची तोंडं फाडायचा. म्हटलं, जनावराचं ज्याला ऐकू येत नाही, त्याला माझं काय येणार." तिनं एक बी थुंकली. "पण गाणं चांगलं म्हणायचा."

त्या जानेवारीत ओटिलिया झोपेतच गेली. जमीन दगडासारखी गोठलेली. गावातल्या माणसांनी खड्ड्याच्या जागी पेंढा पेटवून ती नरम केली आणि मग कुदळी चालवल्या. भावाच्या शेजारी तिला जागा मिळाली. लेना थंडीत शेवटपर्यंत उभी राहिली, कुणाचा हात न धरता.

हिरवी त्यानंतर तिनं चालवली नाही. वसंतात डेल्मर आला तेव्हा ती गावात चर्चजवळच्या खोलीत राहायला गेली, आणि गाडी तिनं दफनभूमीच्या कामाला देऊन टाकली. गवत कापायचं यंत्र, वाळलेली फुलं, वादळात मोडलेल्या फांद्या, हे सगळं आता हिरवीतून जाऊ लागलं. ती चालवायला आलॉइस नावाचा माणूस होता, दोन्ही हात आणि दोन्ही पाय धड असलेला, तरी चढावर तो गिअर किंचाळवल्याशिवाय राहत नसे.

काही वर्षांनी फार्गोहून जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी आली. गाडी पूर्ववत करून देतो म्हणाली, मूळचा हिरवा रंग, मूळचं दार, सगळं झकपक. चर्चच्या समितीला मोह झाला, पण लेनाला विचारल्याशिवाय कसं करायचं म्हणून दोघेजण आलॉइसला घेऊन तिच्या खोलीवर गेले. ती खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. झकपक म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं.

"धुवायची असेल तर धुवा," ती म्हणाली. "रंग नको."

मग तिनं आलॉइसला विचारलं, की थंडीत सुरू होते का.

होते, तो म्हणाला. कुरकुर करते, पण होते.

"मग झालं," लेना म्हणाली, आणि वाटाण्यांचं भांडं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.